कुनोझान तोशोगू: इएयासूच्या समाधीला जायचं कसं आणि तिथे करायचं काय

जपानला गेलेला आपला माणूस तोकुगावा इएयासू या जुन्या शोगुनच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्याच्या, नावाने निक्कोला जातो. टोकियोहून सोयीचं पडतं, तीन माकडांचा फोटो मिळतो, संध्याकाळी परत. निक्को सुंदरच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण १६१६ साली इएयासू गेला तेव्हा त्याला पुरलं ते निक्कोला नव्हे, शिझुओका शहराजवळ समुद्राकाठी उभ्या असलेल्या कुनोझान नावाच्या डोंगरावर. तिथलं देऊळ पुढच्याच वर्षी, १६१७ ला, उभं राहिलं. त्याच वर्षी निक्कोलाही त्याची स्थापना झाली. तेव्हा देह हलवला की फक्त देवत्व नेलं, यावर जपानी मंडळी अजून भांडतात. कुनोझानचे लोक अर्थात म्हणतात, तो इथेच आहे.

मी दोनदा गेलो. एकदा एकटा, पायऱ्या चढून. दुसऱ्यांदा आई-बाबांना घेऊन, रोपवेने. दोन्ही वेळा काही चुकलं, काही जमलं. त्यातून हा लेख.

जाण्याआधी एवढं माहीत हवं

शिंतो देवस्थानात, म्हणजे 'जिंजा'त, देव कोण असतो याला धरबंध नाही. सूर्यदेवी असते, डोंगर असतो, जुनं झाड असतं, आणि हाडामासाचा माणूसही असतो. सोळाव्या शतकातल्या यादवीत लढलेल्या सरदारांपैकी बरेच जण पुढे देव झाले. ओदा नोबुनागाचं देऊळ क्योटोत आहे, ताकेदा शिंगेनचं कोफूत, उएसुगी केनशिनचं योनेझावात. पण ही देवळं बहुतेक मेइजी काळात (१८६८ ते १९१२) किंवा त्यानंतर, म्हणजे माणूस जाऊन तीनशेच्या आसपास वर्षं झाल्यावर बांधलेली. इएयासूचं तसं नाही. त्याने स्वतःच सांगून ठेवलं होतं: देह कुनोझानला ठेवा, अंत्यविधी एदोतल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, झोजोजी या बौद्ध मठात करा, वर्ष सरलं की निक्कोला छोटं देऊळ बांधा.

लहानपणी तो या शिझुओकातच, तेव्हाच्या सुनपूत, ओलीस होता. १६०० साली सेकिगाहाराची लढाई जिंकली, १६०३ ला शोगुन झाला, दोन वर्षांत गादी मुलाला देऊन टाकली आणि १६०७ पासून पुन्हा सुनपूत येऊन राहिला. नावाला निवृत्त. हुकूम त्याचाच चालायचा.

देव करताना नावावरून वाद झाला तोही ऐकण्यासारखा आहे. एक पक्ष म्हणाला, 'दाइम्योजिन' ही पदवी द्या. तेनकाई नावाचा भिक्षू म्हणाला, इएयासूच्या आधी जपानवर हुकमत चालवणाऱ्या हिदेयोशीला हीच पदवी दिली होती, बघा त्याच्या घराण्याचं काय झालं. हिदेयोशीचा वंश १६१५ मध्ये इएयासूनेच ओसाकात संपवला होता. मुद्दा बिनतोड. मग 'तोशो दाइगोंगेन' असं नाव ठरलं. तोशो म्हणजे पूर्वेला उजळणारा. तोशोगू हे देवळाचं नाव त्यातूनच आलं.

शिझुओकापर्यंत

टोकियोहून शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, घ्या. इथे पहिली ठेच लागते: तिच्यातली सगळ्यात जलद गाडी, नोझोमी, शिझुओकाला थांबत नाही. सगळ्यात जास्त गाड्या नोझोमीच असल्यामुळे घाईत तीच पकडली जाते आणि थेट नागोयाला उतरावं लागतं. तिच्याहून जास्त थांबे घेणारी हिकारी किंवा कोदामाच घ्यायची. प्रत्येक हिकारीही थांबत नाही, तेव्हा फलकावर शिझुओका लिहिलंय ना, ते बघा. हिकारीला तासभर, कोदामाला साधारण दीड तास. टोकियोहून जाताना उजव्या हाताची खिडकी, म्हणजे साध्या डब्यात 'ई' सीट मागा. आभाळ स्वच्छ असलं तर पाऊण तासाने फुजी दिसतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत सकाळी शक्यता चांगली, जून-जुलैत आशा सोडा.

शिझुओका स्टेशनवरून पुढे दोन वाटा फुटतात, आणि त्या डोंगराच्या दोन विरुद्ध अंगांना जातात. हे नीट समजून घ्या, कारण नकाशात दोन्ही ठिकाणं चिकटून दिसतात. रायगडाला पायऱ्यांची वाट आणि रोपवे दोन्ही खालूनच सुरू होतात. इथे पायऱ्या खाली समुद्राकडून चढतात, तर रोपवे शेजारच्या निहोनदाइरा पठारावरून दरी ओलांडून देवळाकडे उतरतो. म्हणजे पायथ्याशी जाऊन 'रोपवे कुठे?' असं विचारण्यात अर्थ नाही.

निहोनदाइराची बस स्टेशनच्या उत्तर बाजूने सुटते, साधारण चाळीस मिनिटं लागतात. कुनोझान-शिता, म्हणजे 'कुनोझानचा पायथा', ही बस वेगळी आणि तिच्या फेऱ्या मोजक्या. जाताना काही वाटत नाही, येताना कळतं. पहिल्या खेपेला खाली उतरून बघतो तर बस नुकतीच गेलेली. तासाच्या वर थांब्यावर बसून समोरचा समुद्र बघत राहिलो. रिक्षा नाही, रस्त्यावर हात करून थांबेल अशी टॅक्सी नाही. तेव्हापासून थांब्यावर उतरल्या उतरल्या परतीच्या वेळापत्रकाचा फोटो काढतो. तुम्हीही काढा.

पायऱ्या की रोपवे

गुडघे चांगले असतील तर चढताना पायऱ्या, परतताना रोपवे, हे माझं मत. उलटं बरेच जण करतात, श्रम वाचतात म्हणून. पण ते देऊळ समुद्राकडून यावं असंच रचलेलं आहे. आधी डोंगर, मग वेस, मग दरवाजा, मग रंग आणि सोनं, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात वर, साधा दगड. रोपवेने येणारा या रांगेच्या मधेच टपकतो. शिवाय हजार पायऱ्या उतरणं गुडघ्यांना चढण्यापेक्षा जड जातं, हे गड उतरलेल्या कोणालाही सांगायला नको.

पायऱ्या ११५९, वळणं १७. जपानीत आकड्यांवर कोटी करायची फार हौस. एक-एक-पाच-नऊ म्हणजे इचि-इचि-गो-कु, आणि 'इचिइचि गोकुरोसान' म्हणजे पायरी-पायरीला कष्ट घेतलेत हो! चढताना समोरून उतरणारी म्हातारी माणसं हसून काहीतरी म्हणाली, तर बहुधा हेच. पायऱ्या रुंद आणि बुटक्या आहेत, चढ अंगावर येत नाही. आरामात अर्धा तास धरा. प्रत्येक वळणावर मागे वळून बघा: सुरुगाचा उपसागर जरा जास्त मोठा झालेला असतो, आणि किनाऱ्यालगत हरितगृहांच्या रांगा चकाकत असतात. वाटेत टपरी नाही, सरबतवाला नाही. पाणी खालूनच घ्या.

वर इचिनोमोन, म्हणजे पहिला दरवाजा लागतो. जवळच एक विहीर आहे, ३३ मीटर खोल. इएयासूच्या आधी, १५६८ मध्ये, ताकेदा शिंगेनने या डोंगरावर किल्ला बांधला होता. त्याचा सल्लागार यामामोतो कांसुके याने ही विहीर खणली असं सांगतात. कांसुके १५६१ मध्येच कावानाकाजिमाच्या लढाईत पडला होता, तेव्हा हिशेब जुळत नाही. गडावरच्या दंतकथा सगळीकडे सारख्याच.

आई-बाबा बरोबर असतील, लहान मूल असेल, तर सरळ रोपवे. १०६५ मीटरचं अंतर, पाच मिनिटांत पार. खाली दरी इतकी खडी की आईने पूर्ण वेळ छताकडे बघून प्रवास केला. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. जोराचा वारा सुटला की रोपवे बंद होतो, देखभालीसाठीही अधूनमधून बंद असतो, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. आणि रोपवेने आलात तरी देवळाच्या आत पायऱ्या आहेतच, समाधीपर्यंत बऱ्यापैकी. चाकाची खुर्ची पुढे जाऊ शकत नाही.

देवासमोर कसं वागायचं

आत जाताना लाकडी किंवा दगडी कमान लागते, तिला तोरिई म्हणतात. आपल्या तोरणाशी या शब्दाचं नातं आहे की नाही, ते अभ्यासकांवर सोडू. तिच्यापाशी थांबून हलकं वाकायचं आणि वाटेच्या कडेने आत जायचं. मधला पट्टा देवाच्या येण्याजाण्याचा.

चपला काढायच्या नाहीत. हे मी आईला सांगायला विसरलो. मी तिकडे तिकिटाच्या रांगेत, आणि वळून बघतो तर आईने पायऱ्यांशी बूट नीट जोडीने काढून ठेवलेले, मोज्यांवर उभी, फेब्रुवारीच्या थंडीत. शेजारची जपानी बाई बिचारी आईच्या पायांकडे आणि बुटांकडे आळीपाळीने बघत होती. म्हटलं, "अगं आई, घाल ते, इथे तसं नसतं." तर म्हणते, "देवळात बूट घालून? तू घाल, मी नाही." शेवटी पुजारी स्वतः पादत्राणं घालून जाताना दिसला तेव्हा कुठे तिने घातले. अंगणात, सभामंडपासमोर, समाधीपाशी, सगळीकडे बूट चालतात. लाकडी फरशीच्या आत पाऊल टाकायचं असेल तरच काढायचे.

पाण्याच्या कुंडापाशी हात धुवायचे. ओगराळं उजव्या हातात घेऊन डावा हात, मग डाव्यात घेऊन उजवा, पुन्हा उजव्यात घेऊन डाव्या ओंजळीत थोडं पाणी, त्याने चूळ, परत डावा हात. शेवटी ओगराळं उभं धरून उरलेल्या पाण्याने त्याचा दांडा धुतला जाऊ द्यायचा आणि जागेवर ठेवायचं. सगळं एका ओगराळ्यात भागवायचं असतं. ओगराळं तोंडाला लावायचं नाही आणि चूळ कुंडात टाकायची नाही. करोनानंतर बऱ्याच देवस्थानांनी ओगराळी काढून नुसती धार ठेवली आहे. तसं असेल तर दोन्ही हात धुतले की झालं.

मुख्य मंडपासमोर दानपेटी असते. नाणं हळूच टाका, फेकू नका. पाच येनचं भोक असलेलं पिवळं नाणं लोकांना आवडतं, कारण 'गो-एन' म्हणजे पाच येन आणि 'गोएन' म्हणजे ऋणानुबंध. मग दोनदा कमरेतून वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची, हात जोडून मनातलं बोलायचं, आणि पुन्हा एकदा वाकायचं. टाळी फक्त दोनदा. बाबांनी सवयीने भजनाचा ठेका धरला होता, तिसरीला मी हात धरला.

नारळ, हार, उदबत्ती काही न्यायचं नाही. प्रदक्षिणाही नाही. गाभाऱ्याच्या आत फोटो काढू नका, बाहेरून चालतो.

आत काय बघायचं

तिकीट घ्यावं लागतं. देऊळ आणि म्युझियम यांचं जोडतिकीट मिळतं, तेच घ्या. रोख येन जवळ असू द्या.

रोमोन या दुमजली दरवाजावरच्या पाटीवर 'तोशो दाइगोंगेन' ही अक्षरं आहेत, सम्राट गो-मिझुनोओच्या हातची. त्यातून आत गेलं की ढोलघर लागतं. इथे पूर्वी घंटा होती. मेइजी सरकारने शिंतो आणि बौद्ध धर्म वेगळे करायचा हुकूम काढला. घंटा ही बौद्ध वस्तू, म्हणून ती गेली आणि ढोल आला. याच हुकमापायी इथला पाच मजली पॅगोडाही पाडला गेला. त्याची नुसती जागा उरली आहे. लोक फोटो काढत पुढे निघून जातात, पण मला ती रिकामी जागा त्या दरवाजाहून जास्त बोलकी वाटली. इएयासू स्वतः बौद्ध होता, जन्मभर.

मुख्य देऊळ म्हणजे मंडप, गाभारा आणि दोन्हींना सांधणारी दगडी फरशीची खोली, सगळं एका छपराखाली. नाकाई मासाकियो या मुख्य सुताराच्या देखरेखीखाली ते दीड वर्षाच्या आसपास वेळात उभं राहिलं. हीच रचना पुढे देशभरच्या तोशोगूंनी उचलली. २०१० मध्ये याला राष्ट्रीय ठेवा ठरवलं. काळी आणि लाल लाख, त्यावर सोनं, आणि छपराखाली कोरीवकाम. भडक आहे का? आहे. दक्षिणेकडची गोपुरं बघितलेल्याला सवय असते, त्यामुळे मला तरी खटकलं नाही.

एक कोरीव पट शोधाच. मोठा रांजण फुटलाय, पाणी वाहतंय आणि त्यातून एक मूल बाहेर येतंय. चीनमधल्या सिमा ग्वांगची गोष्ट ही. खेळताना सवंगडी पाण्याच्या रांजणात पडला, बाकीची पोरं पळाली, याने दगडाने रांजण फोडला. रांजण महागाचा होता, पण जीव वाचला. आयुष्यभर लढाया केलेल्या माणसाच्या डोक्यावर हे चित्र कोणी आणि काय विचार करून बसवलं असेल, याचा विचार करत मी बराच वेळ तिथे उभा होतो. मग तोकुगावांच्या चिन्हाकडे बघा: वर्तुळात तीन पानं. सगळीकडे तेच आहे, पण काही ठिकाणी मुद्दाम उलटं बसवलेलं. काम पूर्ण झालं की ढासळायला लागतं, म्हणून थोडं अपुरं ठेवायचं, अशी समजूत. मुलं बरोबर असतील तर उलटं चिन्ह शोधायला लावा, अर्धा तास शांतता मिळेल.

समाधी

देवळाच्या मागून पायऱ्या वर जातात. बरेच जण इथे दमून परत फिरतात. फिरू नका, यासाठीच तर आलो.

वर रंग संपतो. झाडी, दगडी कठडा आणि मधे साडेपाच मीटर उंच दगडी स्तूप, त्याला दार. आधी लाकडी होता, नातू इएमित्सूने दगडी केला. तोंड पश्चिमेला. पश्चिमेकडचे सरदार कधी उठतील याचा नेम नव्हता, म्हणून मेल्यावरही त्यांच्यावर नजर ठेवायची इएयासूची इच्छा होती, असं सांगतात. इथेही तेच: दोनदा वाकणं, दोन टाळ्या, एकदा वाकणं. आवाज कमी ठेवा. आम्ही होतो तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. आईने पाच येनचं नाणं ठेवलं, टाळ्या वाजवल्या आणि नेहमीसारखा पदराला हात घातला, तर अंगात स्वेटर. मग स्वेटरच्या टोकाने डोळे टिपले. का, ते मी विचारलं नाही.

बाजूला मोठं सुरूसारखं सेडारचं झाड आहे, त्याला 'पैशाचं झाड' म्हणतात. जपानीत 'कि' म्हणजे झाड, आणि काही विशेषणांचा शेवटही 'कि'ने होतो. इएयासूने म्हणे सरदारांना विचारलं, पैशाचं झाड कोणतं, माहीत आहे का? आणि मग तीन 'कि' सांगितले: प्रामाणिकपणा, दयाळूपणा आणि सगळ्यात बेताने वागणं. भाषांतरात कोटी मेली, इलाज नाही.

म्युझियम चुकवू नका

खाली आल्यावर म्युझियम. तलवारी आणि चिलखतं बदलत राहतात, काय मांडलेलं असेल ते नशिबावर. पण स्पेनच्या घड्याळाची गोष्ट माहीत असू द्या. १६०९ मध्ये सान फ्रान्सिस्को नावाचं स्पॅनिश जहाज आजच्या चिबाच्या किनाऱ्यावर फुटलं. गावकऱ्यांनी ३१७ जणांना वाचवलं, इएयासूने जहाज देऊन त्यांची परत पाठवणी केली. त्याचे आभार म्हणून १६११ मध्ये राजा तिसरा फिलिप याने हे घड्याळ धाडलं, १५८१ साली माद्रिदमध्ये घडवलेलं. ते फारसं वापरलंच गेलं नाही, म्हणून आतले भाग मूळचे राहिले. इएयासूचा चष्माही इथल्या संग्रहात आहे, आणि पेन्सिलही. शोगुनला जवळचं दिसत नव्हतं, ही गोष्ट मला सगळ्या चिलखतांपेक्षा आवडली.

गोशुइन, म्हणजे देवस्थानचा शिक्का आणि हस्ताक्षर, हवा असेल तर त्यासाठीची खास वही लागते. प्रवासाच्या डायरीत मागू नका, नम्रपणे नकार मिळतो. ओमिकुजीची चिठ्ठी काढून वाईट भविष्य निघालं, तर तिथल्या तारेवर बांधून यायचं, घरी न्यायचं नाही.

वेळ, खाणं आणि खालचा रस्ता

शिझुओकाहून निघून परत येईपर्यंत अर्धा दिवस पुरे, निहोनदाइराला रेंगाळायचं असेल तर पूर्ण. देऊळ आणि रोपवे दोन्ही संध्याकाळी लवकर बंद होतात, तेव्हा दुपारी दोनच्या आत वर पोचा. १७ एप्रिलला वार्षिक उत्सव असतो, इएयासूची पुण्यतिथी जुन्या पंचांगाप्रमाणे चौथ्या महिन्याच्या सतराव्या दिवशी पडते म्हणून. नव्या वर्षाचे पहिले तीन दिवस गर्दी तुफान.

शाकाहारी असाल तर डबा न्या. सोबा, उदोन हे नूडल्सचे प्रकार साधे दिसले तरी रश्श्यात मासा असतोच. आम्ही दशम्या आणि तीळकूट नेलं होतं, निहोनदाइराच्या बाकावर बसून खाल्लं. कचरा मात्र परत घेऊन यावा लागतो, डबे ठेवलेले नसतात.

जानेवारी ते मेमध्ये गेलात आणि पायथ्याच्या बाजूला असाल, तर स्ट्रॉबेरी. डोंगराच्या दक्षिण उतारावर दगडी बांधात रोपं लावतात. दिवसभर तापलेला दगड रात्री ऊब देतो. आता बहुतेक ठिकाणी दगडाऐवजी सिमेंटचे ठोकळे आहेत. पहिली रोपं मेइजी काळात देवळाच्याच मुख्य पुजाऱ्याकडून आली असं सांगतात. पैसे भरून ठरलेल्या वेळात हवी तेवढी खा, अशी पद्धत. हातात वाटी देतात, तीत आटवलेलं दूध. बाबांनी वीस मिनिटांत मोजून छप्पन्न खाल्ल्या आणि मग बसच्या फोटोत बघितलं, तर पुढची बस यायला अजून चाळीस मिनिटं होती.